समुद्री शेवाळ आणि रक्ताच्या गुठळ्या : पीएचडीला येणाऱ्यांसाठी

मालवण-रत्नागिरीच्या खडकांवर ओहोटीला सारगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ दिसतं. त्यातलं फुकॉइडान, म्हणजे सल्फेट जोडलेली एक लांब साखळीची शर्करा, रक्त गोठणं लांबवतं. स्वीडनच्या कीलिन यांनी ते १९१३ सालीच वेगळं केलं होतं, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिन या औषधाच्याही आधी. तरी रुग्णालयात आज हेपॅरिनच वापरतात आणि ते मुख्यतः डुकराच्या आतड्यातून येतं. २००८ मध्ये त्यात भेसळ सापडली, अमेरिकेत रुग्ण दगावले. प्राण्यांवर अवलंबून नसलेला पर्याय मला म्हणूनच इतका महत्त्वाचा वाटतो.

नवीन मुलं अनेकदा विचारतात, फुकॉइडानने गुठळी विरघळते का? त्याचं मुख्य काम गुठळी होऊ न देणं हे आहे. झालेली गुठळी विरघळवणारी एन्झाइम्स हा वेगळा विषय. प्रबंधाचं शीर्षक ठरवतानाच काय ते ठरवा.

शेवाळ धुऊन, सावलीत वाळवून, अल्कोहोलने रंगद्रव्यं काढून गरम पाण्यात अर्क काढतात. खरी कसोटी इथून पुढे. अर्कात अल्जिनेट ही शेवाळातलीच दुसरी, चिकट शर्कराही उतरते. कॅल्शियम क्लोराइड घातलं की त्याचा जेलीसारखा चोथा होऊन तळाशी बसतो. तो नीट काढला नाही तर पुढचं सगळं संशयास्पद. रक्त गोठायला कॅल्शियम लागतं आणि अल्जिनेट नेमकं कॅल्शियमच धरून ठेवतं. एपीटीटी, म्हणजे कॅल्शियम घालून प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) गोठायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी, लांबते, आकडा सुंदर दिसतो, पण त्यात फुकॉइडानचा वाटा किती ते कळत नाही. म्हणून थ्रोम्बिन टाइमही (थ्रोम्बिन हे एन्झाइम घालून गोठण्याचा वेळ) बघाच, त्यात कॅल्शियम बाहेरून घालावं लागत नाही. शेजारी तुलनेसाठी हेपॅरिनचा कंट्रोल हवा, आणि प्रत्येक बॅचचं सल्फेट मोजलेलं हवं. जात, ऋतू, किनारा बदलला की फुकॉइडानही बदलतं. औषध म्हणून ते मागे राहण्याचं मोठं कारण हेच, असं माझं ठाम मत आहे.

समुद्री काकडी या समुद्रतळावरच्या प्राण्यातलं फ्युकोसिलेटेड कॉन्ड्रॉइटिन सल्फेट, हेही रक्त गोठणं लांबवणारं द्रव्य, याहून आकर्षक आहे, पण आपल्याकडे तो जीव वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, तेव्हा किनाऱ्यावरून उचलू नका. मालवणच्या सागरी अभयारण्यातून शेवाळ घ्यायचं तरी आधी वनविभागाची परवानगी काढा.

गाइड निवडताना दोन गोष्टी विचारा : चाचण्यांसाठी माणसाचा प्लाझ्मा कुठून मिळतो, आणि एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का? मंजुरी नसेल तर अर्ज पहिल्याच सत्रात टाका. ती येईपर्यंत अर्क शुद्ध करण्याचं काम भरपूर असतं.