फ्रॅक्चर ओळखणारे सॉफ्टवेअर दवाखान्यात आणताना

कृत्रिम बुद्धिमत्ता म्हटले की पुष्कळ अस्थिरोगतज्ज्ञांच्या डोळ्यांपुढे आधी सांधेरोपणाचा रोबो येतो. छोट्या दवाखान्याने मात्र एक्स-रेवरील फ्रॅक्चर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरपासून सुरुवात करावी, कारण त्याचे उत्तर बरोबर की चूक हे आपल्याला स्वतः पडताळता येते. प्रौढांच्या मनगटाचे फ्रॅक्चर शोधणाऱ्या अशा सॉफ्टवेअरला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्येच परवानगी दिली होती. भारतातही २०२० पासून असे सॉफ्टवेअर वैद्यकीय उपकरणांच्या व्याख्येत येते. म्हणून विक्रेत्याकडे प्रथम नोंदणीची कागदपत्रे मागावीत आणि ते कोणत्या हाडासाठी व कोणत्या वयासाठी मान्य आहे, हे वाचून घ्यावे. प्रौढांवर तयार झालेले सॉफ्टवेअर लहान मुलांच्या हाडातील वाढीच्या रेषेलाच फ्रॅक्चर समजू शकते.

खरेदीपूर्वी आपल्याच दवाखान्यातील जुने एक्स-रे, ज्यांचे निदान पुढे पक्के झाले आहे असे, रुग्णांची नावे काढून सॉफ्टवेअरला द्यावेत. त्यात प्लास्टरमधले, प्लेट-स्क्रू असलेले आणि ठिसूळ हाडांचे एक्स-रे हवेतच. ते मूळ डायकॉम स्वरूपात, म्हणजे एक्स-रेसारख्या वैद्यकीय प्रतिमांच्या प्रमाणित डिजिटल फाइलमध्ये द्यावेत. मोबाइलवर काढलेल्या फिल्मच्या फोटोवरून केलेली चाचणी फसवी ठरते.

‘९० टक्के अचूक’ या दाव्याचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. समजा, सॉफ्टवेअर १०० फ्रॅक्चरपैकी ९० पकडते आणि १०० निरोगी हाडांपैकी ९० निरोगी ठरवते. अपघात विभागात १०० एक्स-रेंपैकी २० मध्ये फ्रॅक्चर असतील, तर १८ खरे इशारे मिळतील आणि ८ खोटे. पण २०० एक्स-रेंमागे जेमतेम १० फ्रॅक्चर निघणाऱ्या बाह्यरुग्ण विभागात ९ खऱ्या इशाऱ्यांबरोबर १९ खोटे येतील. सॉफ्टवेअर तेच, तरीही दुसऱ्या ठिकाणी डॉक्टर महिनाभरात इशाऱ्यांकडे काणाडोळा करू लागतील.

वापर सुरू झाल्यावर क्रम मोडू नये: डॉक्टरांनी रुग्ण तपासून, एक्स-रे पाहून आपले मत आधी लिहावे आणि मगच सॉफ्टवेअरचे उत्तर उघडावे. उलट केले, तर यंत्राने ‘काही नाही’ म्हटल्यावर नजर आपोआप सैल पडते. स्कॅफॉइडचे, म्हणजे मनगटातील अंगठ्याच्या बाजूच्या छोट्या हाडाचे फ्रॅक्चर पहिल्या एक्स-रेत अनेकदा दिसतच नाही. अंगठ्याच्या मुळाशी दाबल्यावर रुग्ण कळवळत असेल, तर सॉफ्टवेअर काहीही सांगो, हात आधार देऊन स्थिर ठेवावा आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढावा किंवा आधीच एमआरआय करावा.

एक्स-रे कोणत्या सर्व्हरवर जातात, किती काळ राहतात आणि कंपनी ते आपल्या प्रशिक्षणासाठी वापरते का, हे करारात स्पष्ट लिहून घ्यावे. मतभेद झालेल्या प्रत्येक एक्स-रेची नोंद वहीत ठेवावी आणि कंपनीने नवी आवृत्ती दिली की त्याच जुन्या एक्स-रेंवर चाचणी पुन्हा घ्यावी.