हाताच्या ठशांच्या बागफरश्या: या चुका टाळा

मुलांच्या हाताचे ठसे असलेल्या फरश्या बागेच्या पाऊलवाटेवर अनेक वर्षे टिकतात. मात्र त्या करताना मुलाचा उघडा हात ओल्या सिमेंटवर दाबणे ही सर्वांत गंभीर चूक आहे आणि तीच सर्रास होते. पाणी मिसळताच सिमेंटमध्ये चुना सुटतो आणि मालाचा पीएच, म्हणजे क्षारता दाखवणारा अंक, १२ ते १३ पर्यंत जातो; एवढा तीव्र क्षार त्वचा भाजतो. त्वचा भाजू लागली तरी सुरुवातीला दुखत नाही, म्हणून मूल तक्रार करत नाही. आमच्या भागातील एका उन्हाळी शिबिरात मुलांनी असेच तळवे दाबले आणि सर्वांचे हात एकाच बादलीत बुचकळण्यात आले. काही वेळात ते पाणीच चुन्याचे झाले. संध्याकाळी एका मुलीच्या मनगटावर, बांगडीखाली माल अडकला होता तेथे, फोड उठले. गवंडी रोज मालात हात घालतात, असे आयोजकांचे म्हणणे होते. अनेक गवंड्यांच्या बोटांना पडलेल्या भेगा हेच त्याचे उत्तर आहे.

मी ठसा सिमेंटवर घेतच नाही. चौकटीच्या तळाशी शाडूची माती थापून तिच्यात मुलाला हात दाबू द्यावा, मनासारखा उमटेपर्यंत पुन्हा पुन्हा. नंतर मुलाला दूर बसवून, ठशावर तेल फिरवून, हातमोजे घातलेल्या मोठ्या माणसाने माल ओतावा. फरशीवर हात उठावदार येतो. यास वेळ लागतो, पण ज्यांना तेवढा धीर नाही त्यांनी मुलांसोबत सिमेंटचे काम करूच नये. तरीही माल अंगाला लागलाच, तर तो भाग वाहत्या पाण्याखाली किमान २० मिनिटे धरावा. डोळ्यांत गेल्यास डोळे धूत राहून तातडीने डॉक्टरांकडे न्यावे.

लवकर सुकते म्हणून प्लॅस्टर ऑफ पॅरिस वापरणे हा आणखी घातक उतावळेपणा आहे, कारण ते घट्ट होताना तापते. २००७ साली इंग्लंडमधील लिंकनशायरच्या एका शाळेत प्लॅस्टरमध्ये हात रोवून बसलेल्या मुलीला बहुतेक बोटे गमवावी लागली. शिवाय ते पावसात टिकत नाही.

कोरडे सिमेंट मुलांच्या आसपास चाळू नये. सिमेंट आणि वाळूचे प्रमाण एकास तीन ठेवावे. ओतायला सोपे जावे म्हणून पाणी वाढवल्यास फरशी कच्ची राहते. जाडी दोन इंचांपेक्षा कमी नसावी. दुसऱ्या दिवशी चौकट सोडवून फरशी ओल्या गोणपाटाखाली किमान सात दिवस ठेवावी, आणि त्याआधी तिच्यावर कोणालाही उभे राहू देऊ नये.