रशियात पाट्या वाचून रशियन शिकताय? या चुका टाळा

मॉस्को किंवा सेंट पीटर्सबर्गला आठ-दहा दिवसांसाठी जाणाऱ्या माणसाला पुस्तकापेक्षा रस्त्यावर जास्त रशियन शिकता येतं, असं माझं ठाम मत आहे. एकच पाटी दिवसातून अनेकदा डोळ्यांसमोर येते आणि तिचा अर्थ तिच्या शेजारीच उभा असतो: दार, तिकिटाची खिडकी, औषधांचं दुकान. तरीही बऱ्याच जणांचं गाडं एकाच ठिकाणी अडतं. ओळखीचं अक्षर किंवा शब्द दिसला की वाचन तिथंच थांबतं. नेमकी कामाची गोष्ट पाटीच्या उरलेल्या भागात असते.

ओळखीच्या अक्षरांवर भरवसा ठेवू नका

रशियन वर्णमालेत 33 अक्षरं आहेत. त्यातली अनोळखी वळणाची अक्षरं फारशी फसवत नाहीत, कारण ती आपण मुद्दाम शिकतो. फसवतात ती इंग्रजीसारखी दिसणारी. 'पी'सारखं दिसतं ते 'र', 'एच'सारखं ते 'न', 'सी'सारखं ते 'स', 'बी'सारखं ते 'व', 'वाय'सारखं ते 'उ' आणि 'एक्स'सारखं ते 'ख'. म्हणून उपाहारगृहावरची 'रिस्तरान' ही पाटी नवखा माणूस 'पेक्टोपाह' अशी वाचतो आणि जेवणाची जागा शोधत पुढे निघून जातो. विमानात बसण्याआधी ही सहा अक्षरं पक्की करा, बाकीची तिथं गेल्यावर रुळतील.

आघात, म्हणजे उच्चारातला जोर, नसलेला 'ओ' बोलताना 'अ'कडे झुकतो. 'मोस्क्वा' असं लिहितात आणि 'मस्क्वा' असं म्हणतात. आघात कुठं आहे हे पाटीवर दाखवलेलं नसतं, त्यामुळे मेट्रोतली घोषणा आणि समोरच्या भिंतीवरचं स्टेशनचं नाव एकत्र घ्या. कानानं ऐका, डोळ्यांनी वाचा. उच्चार सुधारायला याहून चांगली सोय मला माहीत नाही.

अर्धी पाटी वाचून आत शिरू नका

'फ्खोत' म्हणजे प्रवेश, 'वीखत' म्हणजे बाहेर जायचा रस्ता. हे दोन शब्द पहिल्याच दिवशी येतात आणि इथूनच घोळ सुरू होतो. 'वीखदा न्येत' अशी पाटी असेल तर तिथून बाहेर जाता येत नाही. 'पस्तारोन्निम फ्खोत वस्प्रिश्चोन' या पाटीतही मधोमध 'फ्खोत' आहे, पण अर्थ 'बाहेरच्यांना प्रवेश नाही' असा. 'न्येत' आणि 'वस्प्रिश्चोन' हे नकाराचे शब्द आधी शोधायची सवय लावून घ्या.

'विखद्नोय' हा शब्द तर हमखास चकवतो. तो दिसायला 'वीखत'चा भाऊ, पण दुकानाच्या दारावर त्याचा अर्थ साप्ताहिक सुट्टी. त्यापुढे वाराची दोन अक्षरं असतात. 'प' आणि 'न' असेल तर 'पनिद्येल्निक', म्हणजे सोमवार. पीटर्सबर्गचं हर्मिटेज संग्रहालय सोमवारी बंद असतं, तेव्हा हा वार वाचता आलाच पाहिजे. 'पिरिखोत' आणि 'पिरिरीफ' यांचीही गल्लत होते. पहिला म्हणजे भुयारी मार्ग किंवा मेट्रोची लाइन बदलायची वाट, दुसरा म्हणजे मधली सुट्टी. खिडकीवर 'पिरिरीफ' लिहिलं असेल तर शेजारची वेळ बघा आणि दुसरी खिडकी धरा.

शब्दाचं शेपूट सोडू नका

मॉस्कोत एका भागात 'कियेव्स्की वग्झाल' हे रेल्वे स्थानक आहे, त्याला लागून 'कियेव्स्कया' हे मेट्रो स्टेशन आहे, आणि शहराबाहेर जाणारा 'कियेव्स्कोये शस्से' हा महामार्ग आहे. हे तीन वेगळे शब्द समजून लोक गोंधळतात, किंवा एकच समजून टॅक्सीवाल्याला भलतं ठिकाण सांगतात. मराठी माणसाला हे जड जायचं कारणच नाही. कीव्हचा, कीव्हची, कीव्हचं: आपल्याकडेही तीन लिंगं आहेत आणि शेपूट तसंच बदलतं. पुणे, पुण्यात, पुण्याहून म्हणणाऱ्याला 'मस्क्वा', 'व मस्क्वे' आणि 'इझ मस्क्वी' हे एकाच शहराचे अवतार आहेत हे चटकन कळायला हवं. विभक्तीचे तक्ते पाठ करत बसू नका. पाट्यांचे फोटो काढा आणि रात्री एकाच नावाची वेगवेगळी रूपं शेजारी ठेवून बघा.

नावाबद्दल आणखी एक. रशियातल्या बऱ्याच रेल्वे स्थानकांना गाड्या जिकडे जातात त्या दिशेचं नाव असतं. 'मस्कोव्स्की वग्झाल' पीटर्सबर्गमध्ये आहे, तर पीटर्सबर्गच्या गाड्या मॉस्कोतल्या 'लेनिनग्राद्स्की'वरून सुटतात (लेनिनग्राद हे पीटर्सबर्गचं जुनं नाव). मॉस्को मेट्रोत 'अर्बात्स्कया' नावाची स्टेशनं दोन आहेत, एक गडद निळ्या लाइनवर आणि एक फिकट निळ्या. एकातून दुसऱ्यात थेट जाता येत नाही, म्हणून नावाबरोबर लाइनचा रंग आणि आकडाही वाचा.

दार उघडत नसेल तर

दारावर 'अत सिब्या' म्हणजे स्वतःपासून दूर, म्हणून ढकला. 'क सिब्ये' म्हणजे स्वतःकडे, म्हणून ओढा. आणि दुसऱ्या मजल्यावरचं दुकान सापडत नसेल तर लक्षात घ्या, तिथं तळमजलाच 'पेर्वी इताश', म्हणजे पहिला मजला असतो.

ओळखीच्या मुळांचा उपयोग करा, पण जपून. टँकरवरच्या 'अग्नेअपास्ना'मध्ये आपला अग्नी खरोखरच आहे (पाटीचा अर्थ 'ज्वलनशील'), 'द्वेर'मध्ये द्वार आहे. 'मगाझिन' मात्र नियतकालिक नाही, ते दुकान.

कॅफेबाहेरच्या खडूनं लिहिलेल्या फळ्यावर सगळं अनोळखी वाटलं तर घाबरू नका. हाताच्या वळणात 'त' इंग्रजी 'एम'सारखा दिसतो आणि 'प' 'एन'सारखा. त्यासाठी आधी छापील पाटी सरावाची व्हायला हवी.

मोबाइलचा कॅमेरा प्रत्येक पाटीवर धरू नका. मेट्रोत बऱ्याच ठिकाणी खाली लॅटिन लिपीत नाव असतं, तेही आधी हातानं झाका. मोठ्यानं वाचा, अर्थ ठरवा, मगच पडताळा. तरीही अडलात तर जवळच्या माणसाला 'इझ्विनीत्ये' म्हणजे 'माफ करा' म्हणून थांबवा आणि पाटीकडे बोट दाखवून विचारा, 'श्तो झ्द्येस नपीसना?', म्हणजे इथं काय लिहिलंय. समोरचा ती पाटी वाचून दाखवेल, तेव्हा तुम्हीही त्याच्या मागोमाग ती एकदा म्हणा.