घरचा रंगीत ब्रेड करताय? बीट तपकिरी आणि रोल पोकळ निघणार नाही, फक्त या चुका टाळा

रंगीत ब्रेडचे फोटो बघून उत्साहात बीट-पालक आणायचं, नेहमीच्या मिल्क ब्रेडच्या रेसिपीत प्युरी ढकलायची आणि मग वरून करपलेला, आत कच्चा, रंगाने मातकट असा लोफ ओटीजीतून, म्हणजे घरच्या छोट्या ओव्हनमधून, बाहेर काढायचा. हे इतक्या घरी होतं की आमच्या घोडबंदर साईडच्या सोसायटी ग्रुपवर असा फोटो अधूनमधून येतोच आणि खाली ठरलेला प्रश्न, "यीस्ट खराब असेल का गं?" यीस्ट बिचारं बहुतेक वेळा ठणठणीत असतं. घोळ होतो तो सगळ्या रंगांना एकच रेसिपी लावल्यामुळे, कारण बीटला जे मानवतं त्यानेच पालक काळवंडतो आणि हळदीला यातल्या कशाचंच काही पडलेलं नसतं.

प्युरीतलं पाणी कोणी मोजायचं?

सगळ्यात जास्त ब्रेड इथे बिघडतात म्हणून जरा नीट सांगते. ८x४ इंचाच्या टिनसाठी ३०० ग्रॅम मैदा धरला तर साध्या ब्रेडला साधारण १९० मिली दूध किंवा पाणी लागतं. आता त्यात १२० ग्रॅम बीटची प्युरी घातली तर तिच्यात १०० मिलीच्या आसपास निव्वळ पाणीच आहे, म्हणजे वरून दूध लागणार जेमतेम ९० मिली. आपण काय करतो, रेसिपीत लिहिलंय म्हणून १९० मिली ओततो, पीठ हाताला चिकटायला लागलं की मूठ मूठ मैदा भुरभुरवत बसतो, त्यात मीठ आणि यीस्ट दोन्हीचं प्रमाण कमी पडतं आणि लोफ जड, फिका, मधे ओलसर असा निघतो.

म्हणून प्युरी आधी मैद्यात घाला आणि दूध नंतर, चमच्या-चमच्याने. पीठ जेमतेम गोळा झालं की १५ मिनिटं झाकून ठेवून द्या, मैदा पाणी पितो आणि मघाशी जे चिकट-चिकट वाटत होतं त्यातलं बरंचसं आपोआप सुटतं, मग मळा. पालक असेल तर उकळत्या पाण्यात मिनिटभर, लगेच गार पाण्यात, आणि पंच्यात बांधून अगदी जीव खाऊन पिळायचा. मिक्सरला फिरत नाही म्हणून नळाचं पाणी घालू नका, रेसिपीतलंच दूध घाला. आणि हो, जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडच्या हवेत मैदाच दमट झालेला असतो त्यामुळे तेव्हा १-२ चमचे दूध कमीच लागतं.

बीटला लिंबू, पालकाला नाही

बीटचा गुलाबी रंग उष्णतेने उडतो, पण थोडं आंबट असलं की जरा जास्त टिकतो. ३०० ग्रॅम मैद्याला १ चमचा लिंबाचा रस किंवा व्हिनेगर पुरे. खायचा सोडा मात्र चिमूटभरही नको, सोड्याने बीट पिवळट-तपकिरी पडतं. बीट शिजवताना साल आणि देठाचा इंचभर तुकडा ठेवून आख्खं शिजवा, चिरून शिजवलं तर अर्धा रंग कुकरच्या पाण्यातच जातो. एवढं करूनही कच्च्या पिठाचा तो भडक राणी कलर भाजल्यावर राहणार नाही, धुऊन विटलेल्या साडीसारखा फिकट होणार, हे आधीच मान्य करून टाका. वरची क्रस्ट तर तपकिरी होणारच, रंग बघायचा तो स्लाइस कापल्यावर.

पालकाचं नेमकं उलटं आहे. हिरव्या रंगाला आंबटाचं वावडं, आंबट आणि उष्णता एकत्र आली की क्लोरोफिलमधलं मॅग्नेशियम निघून जातं आणि हिरव्याचा मेहंदी कलर होतो. सॉफ्ट होतो म्हणून सगळ्याच ब्रेडमध्ये दही घालायची सवय असते ना, ती पालकाच्या ब्रेडला नडते. त्यामुळे एकाच टिनमध्ये गुलाबी आणि हिरवा थर हवा असेल तर एक मोठा गोळा मळून मग दोन भागांत रंग मिसळायचा शॉर्टकट नको, सुरुवातीपासून दोन वेगळी पिठं मळा आणि लिंबू फक्त बीटमध्ये. दोन्ही गोळे सारख्याच मऊपणाचे झाले पाहिजेत, एक घट्ट एक सैल असेल तर ते वेगवेगळ्या वेगाने फुगतात आणि भाजताना थर सुटतात.

पहिल्यांदाच करत असाल तर माझं ऐका, लाल भोपळा किंवा गाजर घ्या. तो केशरी रंग उष्णतेला दाद देत नाही. हळदही तशीच, पण पाव ते अर्धा चमचाच, जास्त झाली की कडसर लागते, आणि सोड्याशी गाठ पडली तर लालसर होते. गोकर्णाची निळी फुलं सोसायटीच्या कुंपणावर फुकट मिळतात, फक्त औषध फवारलेली नसावीत. ती गरम दुधात भिजवून दूध गाळून गार करून घ्या, आणि या ब्रेडला लिंबू लावलं तर निळ्याचा जांभळा होणार हे लक्षात ठेवा, तोच हवा असेल तर मजाच आहे.

घड्याळ बघून फुगवू नका

परदेशी रेसिपीत एक तास लिहिलेला असतो तो त्यांच्या थंड किचनचा. मे महिन्यात ठाण्यात गॅस चालू असलेल्या किचनमध्ये तेच पीठ ३५-४० मिनिटांत दुप्पट होऊन बसतं, त्यात बीट-गाजराची साखर यीस्टला आयतीच मिळते. पीठ जास्त फुगलं की ओटीजीत गेल्यावर मधे बसतं आणि आंबूस वास येतो तो वेगळाच. टिनमध्ये ठेवल्यावर बोटाने हलकं दाबा, खड्डा हळूहळू अर्धवट भरून आला की भाजायला टाका, अजिबात भरला नाही तर उशीर झालाय. उन्हाळ्यात दूध फ्रिजमधलं गारच वापरलं तरी चालतं.

पीठ उलट फुगतच नसेल तर आत काय घातलंय ते आठवा. कच्चा लसूण आणि दालचिनी पिठात जास्त झाली की यीस्ट मंदावतं, त्यांची जागा फिलिंगमध्ये. कच्चं अननस आणि पपई तर ग्लुटेनच, म्हणजे पिठाला ताण देणारी मैद्यातली प्रथिनं, तोडतात, पीठ ओघळायला लागतं, त्यामुळे ती शिजवूनच घ्यायची. आणि प्युरी वाफाळती असताना यीस्टवर ओतायची नाही, ५५-६० डिग्रीच्या पुढे यीस्ट मरतं.

फिलिंगचा बोगदा

रोल करून भरलेला ब्रेड कापला की वर भला मोठा पोकळ बोगदा आणि फिलिंग सगळं तळाला जमलेलं, ही तक्रार फार. ओल्या फिलिंगची वाफ होते, ती थर वर ढकलते, आणि आतून बटर चोपडलं असेल तर थर एकमेकांना धरतच नाहीत. म्हणून लाटलेल्या पोळीला बटरऐवजी दुधाचा पातळ हात लावा, कडा दीड सेंटीमीटर कोऱ्या सोडा, आणि रोल करताना प्रत्येक वळशाला हलका ताण देत घट्ट गुंडाळा.

फिलिंग म्हणून आपली कोरडी शेंगदाणा-लसूण चटणी मला सगळ्यात भरवशाची वाटते, गाजराच्या केशरी ब्रेडमध्ये तिची लाल रेघ काय सुंदर दिसते! पनीर-कोथिंबीर असेल तर मीठ अगदी शेवटी, रोल करायच्या आधी, नाहीतर पाणी सुटतं, आणि चमचाभर भाजलेलं बेसन मिसळलं की उरलेला ओलावा तेच शोषतं. कांदा परतून पूर्ण गार झाल्यावरच. गूळ-खोबरं भरायचं असेल तर सारण कढईत चांगलं कोरडं होईपर्यंत परता, नाहीतर गूळ वितळून टिनच्या तळाशी उतरतो आणि करपतो.

ओटीजी छोटा असेल तर वरचा रॉड लोफच्या डोक्यावरच असतो, त्यामुळे टिन खालच्या रॅकवर, १८० डिग्रीला ३०-३५ मिनिटं, आणि वर हलका रंग आला की साधारण विसाव्या मिनिटाला फॉइल झाका. भाजीचा ब्रेड बाहेरून झालेला दिसतो पण आत ओला असतो, थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९३-९५ डिग्री बघा.

गरम गरम कापायचा मोह आवरा, तासभर तरी जाळीवर राहू दे, नाहीतर सुरीला गोळा चिकटतो आणि रंगांच्या रेघा फिसकटतात. आणि आपल्या दमट हवेत भाजी घातलेला ब्रेड डब्यात बाहेर दोन दिवस काढेलच असं नाही, बुरशी लवकर धरतो, त्यामुळे पूर्ण गार झाला की स्लाइस करून फ्रीझरमध्ये टाका आणि लागतील तेवढ्या काढून थेट तव्यावर गरम करा.