जन्मापासून वाहणारं नाक : सिलियांचा आजार असलेल्या बाळाचं नाक कसं मोकळं करावं

लेकीचं नाक जन्मल्यापासून भरलेलं. लालबागच्या आमच्या चाळीत जो तो म्हणे, "मुंबईची हवा, दुसरं काय!" निघालं प्रायमरी सिलिअरी डिस्कायनेशिया. नाका-फुप्फुसांतले सूक्ष्म केस, म्हणजे सिलिया, नीट हलत नाहीत. शेंबूड जिथल्या तिथे साचतो. हा आजार औषधाने जात नाही, त्यामुळे नाक रोज आपणच साफ करायचं.

पूर्ण दिवसांच्या बाळाला जन्मल्याबरोबर ऑक्सिजन लागला असेल, वाहणारं नाक आणि ओला खोकला बारमाही असेल, किंवा हृदय उजवीकडे असेल (निम्म्या रुग्णांत असतं), तर डॉक्टरांना या आजाराचं नाव घेऊन विचारा. निदानासाठी नाकातल्या नायट्रिक ऑक्साइड वायूची चाचणी करतात, पण ती पाचेक वर्षांनंतरच भरवशाची, म्हणून बाळांमध्ये जनुक तपासणीवर भर असतो.

दूध पाजण्याआधी बाळाला डोकं किंचित उंच ठेवून कुशीवर घ्या. प्रत्येक नाकपुडीत साध्या ०.९ टक्के सलाइनचे दोन-तीन थेंब टाका.

आणि आता थांबा. मी इथेच चुकले. थेंब पडले की लगेच बल्ब (शेंबूड ओढून घ्यायचा रबरी फुगा) लावायचे. वाळलेला शेंबूड सुटायचाच नाही, मी आणखी जोर लावायचे, आणि एकदा रक्त आलं. निदान एक मिनिट थांबा, बाळ कितीही रडो. रडण्यानेही शेंबूड सुटतो. बल्ब बाहेरच दाबा, मग टोक नाकपुडीच्या तोंडाशी टेकवा आणि हळूहळू सोडा. आत खुपसायचं नाही. निघालं नाही तर पुन्हा थेंब, पुन्हा मिनिट. दिवसातून तीन-चार वेळांवर ओढू नका, आतून सूज येते आणि नाक आणखी बंद होतं.

मालिशवाल्या मावशी नाकात तेल सोडायला बसतील. हात धरा त्यांचा. तेल फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होतो, आणि या बाळांना ते वर ढकलता येत नाही. वावडिंगाची धुरीही नको. खोकला दाबणारं औषध तर मुळीच नको. सिलिया चालत नाहीत तिथे खोकला हाच झाडू. मोठ्यांचे नाक उघडणारे ड्रॉप्सही बाळाला घालू नका.

श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळे पडले किंवा बाळ दूध ओढेनासं झालं, तर बल्ब ठेवा आणि टॅक्सी पकडा.

बल्ब साबणाच्या गरम पाण्याने धुऊन उलटा ठेवा. पारदर्शकच घ्या, पावसाळ्यात आत बुरशी धरते. दिसली की टाकून द्या.