मारहाणीच्या खटल्यात शिक्षा झाली तर अपील कसं करावं

बांधावरच्या भांडणात कुऱ्हाड चालते, काही वर्षांनी निकाल लागतो आणि ‘दोषी’ हा शब्द ऐकून घरची माणसं सुन्न होतात. तरीही कोर्टातून निघण्याआधी दोन गोष्टी कराच. निकालपत्राची नक्कल मागा. कैदेची शिक्षा झालेल्या आरोपीला ती मोफत मिळते. शिक्षा 3 वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपी जामिनावर असेल, तर अपील दाखल होईपर्यंतच्या जामिनाचा अर्ज त्याच न्यायालयात द्या.

मॅजिस्ट्रेटच्या निकालावर सत्र न्यायालयात 30 दिवसांत अपील करावं लागतं, सत्र न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयात 60 दिवसांत. उशीर झालाच तर कारणं देऊन विलंबमाफीचा अर्ज जोडा. अपिलासोबत शिक्षा स्थगितीचा अर्जही द्या. सरकारी नोकरी असेल तर दोषसिद्धीला स्थगिती वेगळी मागा, कारण शिक्षा थांबली तरी दोषाचा ठपका राहतो.

खरी मेहनत अपिलाच्या मुद्द्यांवर घ्या. ‘निकाल अन्यायकारक आहे’ एवढं लिहून काही साधत नाही. साक्षी, पंचनामा आणि दाखले निकालपत्राशेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचा. जखमी साक्षीदाराच्या शब्दाला मोठं वजन असतं, तेव्हा नुसतं ‘तो खोटं बोलतो’ म्हणू नका. पोलिसांपुढच्या जबाबात नसलेलं काय तो कोर्टात बोलला, ते दाखवा. हाड मोडलं म्हणून दुखापत गंभीर धरली असेल, तर एक्स-रे पुराव्यात आला आहे का? डॉक्टरांची साक्ष झाली आहे का? हत्यार जप्तीचे पंच फितूर झाले होते का?

कलम खाली येणं हाही मोठा दिलासा असतो, आणि नेमका हाच मुद्दा बरेचदा मांडायचा राहून जातो. धोकादायक हत्याराने गंभीर दुखापत केल्यास (जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम 326, आता भारतीय न्याय संहितेचं 118(2)) जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, म्हणून 1958 च्या परिवीक्षा कायद्याने चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटका मागता येत नाही. हत्यार सिद्ध न होता गुन्हा हत्याराविना गंभीर दुखापतीच्या 325 वर, म्हणजे नव्या 117(2) वर आला, तर ती वाट खुली होते. मग जखमी व्यक्ती तयार असेल, तर अपील न्यायालयाच्या परवानगीने तडजोडही करता येते.

‘अपील केलं तर शिक्षा वाढेल’ ही भीती सोडा. फक्त आरोपीचं अपील असेल तर सत्र न्यायालय त्यात शिक्षा वाढवू शकत नाही.

आरोपी तुरुंगात असेल तर तुरुंग अधीक्षकांमार्फत अपील पाठवता येतं. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा 15100 वर फोन करा.