गॅस की डिझेल: जड ट्रेलर ओढणारा पिकअप ट्रक घेण्यापूर्वीची तयारी

अमेरिकेत पेट्रोलला ‘गॅस’ म्हणतात, हे तिथे राहणाऱ्या मराठी माणसाच्या अंगवळणी पडलेले असते. तरीही पुण्याला फोन लावून ‘गॅसवरचा ट्रक घेतोय’ असे सांगितले की पलीकडून सिलिंडर कुठे बसवणार, असा प्रश्न येतोच. ८,००० ते १४,००० पौंडांचा ट्रेलर, मग तो सुट्टीत राहायचा ट्रॅव्हल ट्रेलर असो, घोड्यांचा असो किंवा बोटीचा, ओढण्यासाठी जे पहिल्यांदाच पिकअप घेणार आहेत, त्यांच्यासाठी ही यादी आहे. गॅस की डिझेल हा प्रश्न सर्वांच्या तोंडी पहिला असतो. या यादीत मात्र तो बराच खाली येतो, आणि त्याच्या वरची कामे नीट झाली तर पुष्कळदा त्याचे उत्तर आपोआप मिळते.

पहिले काम ट्रेलरचे खरे वजन ठरवण्याचे आहे. ट्रेलर विकणारा जे ‘ड्राय वेट’ सांगतो, ते पाणी, सामान आणि माणसाचा संसार आत जाण्यापूर्वीचे असते. एक गॅलन पाणी सुमारे ८.३ पौंडांचे असते, म्हणजे ५० गॅलनची टाकी भरली की ४१५ पौंड तिथेच वाढले. त्यावर बॅटऱ्या, प्रोपेनच्या टाक्या, भांडी, खुर्च्या, अंथरूण-पांघरूण आणि आईने आग्रहाने बरोबर दिलेले तांदळाचे पोते धरले, तर हजार-दीड हजार पौंड सहज भरतात. म्हणून ड्राय वेट वहीत लिहूच नये. ट्रेलरच्या बाजूला लावलेल्या पट्टीवर कमाल एकूण वजनाचा जो आकडा छापलेला असतो तो लिहावा आणि पुढचा सगळा हिशेब त्याच आकड्यावर करावा. ट्रेलर अजून घेतलेला नसेल, तर आधी तो ठरवावा आणि मग ट्रक पाहायला जावे. उलटा क्रम लावणारे पुष्कळ असतात आणि वर्ष-दीड वर्षात ते दुसरा ट्रक शोधताना दिसतात.

दुसरे काम हिचवर, म्हणजे ट्रकला ट्रेलर जोडण्याच्या सांध्यावर, पडणाऱ्या वजनाचे, ज्याला तिकडे ‘टंग वेट’ म्हणतात. आपल्याकडे बैलगाडी भरणारा माणूस गाडी उलार होऊ नये आणि धुरजडही होऊ नये म्हणून पोती पुढेमागे सरकवून पाहतो, त्यातलेच हे शास्त्र आहे. साध्या मागून जोडायच्या ट्रेलरमध्ये एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर यावा लागतो. त्यापेक्षा कमी आला तर ट्रेलर उलार होऊन महामार्गावर शेपटीसारखा डोलू लागतो, आणि ते डोलणे ६५ मैलांच्या वेगात सुरू झाले की आवरणे कठीण असते. ट्रकच्या हौद्यात जोडायच्या फिफ्थ-व्हील ट्रेलरमध्ये हा भार १५ ते २५ टक्क्यांपर्यंत जातो. ऊस भरलेल्या ट्रॉलीने ट्रॅक्टरचे तोंड उचललेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना मागचा भार पुढची चाके कशी हलकी करतो हे वेगळे समजवावे लागणार नाही. याच कारणाने जड ट्रेलरला भार पुढच्या चाकांकडे वाटून देणारी हिच घ्यावी, आणि तिचे शंभरेक पौंड हिशेबात धरावेत.

आता ट्रकच्या चालकाच्या बाजूचे दार उघडून खांबावरचा पिवळ्या-पांढऱ्या रंगाचा स्टिकर वाचावा. माणसे आणि सामान मिळून किती पौंडांपेक्षा जास्त होता कामा नये, हे त्यावर त्या विशिष्ट ट्रकपुरते लिहिलेले असते. पुस्तिकेतला ‘ओढण्याची क्षमता’ हा मोठा आकडा बहुधा त्या मालिकेतील सर्वांत हलक्या, कमीत कमी सोयींच्या ट्रकचा असतो, आणि तो एसएई या अभियंत्यांच्या संघटनेच्या ज्या जे२८०७ या पद्धतीने काढतात, तिच्यात ट्रकमध्ये प्रत्येकी १५० पौंडांची दोनच माणसे धरलेली असतात. आपले उदाहरण घेऊ. भरलेला ट्रेलर १०,००० पौंडांचा आहे, त्याचा हिचवरचा भार १,२५० पौंड, हिचचे १००, आई-वडील आणि दोन मुले मिळून ६००, हौद्यातला जनरेटर, सायकली आणि सरपण ३००. बेरीज २,२५० होते. पुष्कळ ट्रकांत ट्रेलर ओढायची क्षमता शिल्लक असतानाच स्टिकरवरची मर्यादा या बेरजेने संपलेली असते. माझ्या पहिल्या ट्रकच्या वेळी विक्रेत्याने ‘आरामात ओढेल’ असे सांगितले होते आणि ते खोटे नव्हते. ट्रक ओढत होता, फक्त मागच्या आसावर त्याला परवानगी असलेल्यापेक्षा अधिक भार होता, आणि हे मला दुसऱ्या उन्हाळ्यात वजनकाट्यावर गेल्यावर कळले.

इंधनाचा प्रश्न पहिल्यांदा इथे येतो, आणि तोही अनपेक्षित बाजूने. डिझेल इंजिन त्याच ट्रकमधील गॅस इंजिनापेक्षा कित्येक शे पौंडांनी जड असते आणि ते वजन स्टिकरवरच्या आकड्यातून वजा होते. अर्धा टन, पाऊण टन आणि एक टन ही वर्गांची जुनी नावे आता शब्दशः खरी राहिलेली नाहीत, तरी लोक तीच वापरतात. पाऊण टनी म्हणजे फोर्ड एफ-२५०, रॅम २५०० किंवा शेवरले सिल्व्हराडो २५०० या वर्गातल्या अनेक ट्रकांची एकूण वजनमर्यादा १०,००० पौंडांच्या आसपास ठेवलेली असते, त्यामुळे त्यात डिझेल, चारही चाकांची ओढ आणि चामड्याच्या खुर्च्या घातल्या की स्टिकरवर २,००० पौंडांच्या आसपासच उरतात, तर तोच ट्रक गॅसमध्ये घेतल्यास बरेच अधिक उरतात. ज्यांना डिझेल हवेच आहे आणि ट्रेलरही जड आहे, त्यांनी पाऊण टनी न घेता थेट एक टनी पाहावा; दोन्हींच्या किमतीतला फरक बहुधा इतका थोडा असतो की पाऊण टनी डिझेल घेण्यामागचे कारण मला आजवर नीट उमगलेले नाही. फिफ्थ-व्हील १४,००० पौंडांचा असेल, तर हौद्यावर सुमारे २,८०० पौंड येणार हे धरून मागे चार चाकांचा एक टनी ट्रकच शोधावा.

यानंतर नकाशा उघडावा आणि येत्या दोन-तीन वर्षांत ट्रेलर कुठे कुठे जाणार आहे ते रस्त्यांसह लिहून काढावे. ज्यांचा प्रवास टेक्ससच्या किनाऱ्यापासून फ्लोरिडापर्यंत सपाटीवर होणार आहे, त्यांना या कामाला पाच मिनिटे पुरतील, आणि त्यांचे उत्तर बहुधा गॅस हेच येईल. कोलोरॅडोकडे जाणाऱ्यांनी मात्र इथे थांबून विचार करावा. डेन्व्हरहून पश्चिमेला जाणारा आय-७० आयझेनहॉवर बोगद्यापाशी ११,१५८ फुटांवर पोहोचतो. टर्बो, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणारे यंत्र, नसलेले इंजिन दर हजार फुटांमागे साधारण ३ टक्के शक्ती गमावते, म्हणजे फोर्डच्या ७.३ लिटरच्या गॅस इंजिनाची ४३० अश्वशक्ती बोगद्याच्या तोंडाशी ३०० च्याही खाली येते. टर्बो असलेल्या डिझेलला विरळ हवेची झळ पुष्कळ कमी बसते. शिवाय त्या गॅस इंजिनाचा ४८५ पौंड-फुटांचा कमाल टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर मिळतो, तर त्याच कंपनीच्या ६.७ लिटरच्या डिझेलचा १,००० पौंड-फुटांपलीकडचा टॉर्क २,००० फेऱ्यांच्या आतच हाती येतो. गॅसचा ट्रक चढ चढतो, यात शंका नाही. तो ४,५०० फेऱ्यांवर ओरडत चढतो आणि ते ओरडणे इंजिनाला घातक नसले, तरी मागच्या सीटवरील मंडळींना दर वेळी तसे पटवून द्यावे लागते.

चढापेक्षा उताराचा विचार अधिक गांभीर्याने करावा. बोगदा ओलांडून सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना ७ टक्क्यांपर्यंतचा उतार लागतो आणि ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी कडेला खडीच्या चढत्या वाटा काढलेल्या दिसतात. ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हा कसारा किंवा खंबाटकीच्या चालकांचा नियम इथेही लागू आहे. फरक इतकाच, की आधुनिक डिझेल ट्रकमध्ये एक्झॉस्ट ब्रेक असतो, जो टर्बोची पाती आवळून धूर कोंडतो आणि त्या दाबाने इंजिनच गाडीला मागे खेचून धरते. १२,००० पौंडांचा ट्रेलर घेऊन पायाचा ब्रेक क्वचितच लावत असा उतार पार करता येतो. गॅस इंजिनातही खालचा गिअर आणि ओझे ओढताना गिअर बदलण्याची पद्धत बदलणारा टो-हॉल मोड बरेच काम करतात, पण तेवढे नाही. डिझेलच्या बाजूने मला जर एकच मुद्दा मांडू दिला, तर मी हा मांडेन. मायलेजचा मांडणार नाही.

मायलेजचा हिशेब वहीच्या पुढच्या पानावर स्वतः करावा. ८,५०० पौंडांपेक्षा अधिक एकूण वजनमर्यादेच्या ट्रकांना सरकारी मायलेजचा कागद काचेवर लावण्याचे बंधन नाही, त्यामुळे दुकानात आकडा शोधून मिळत नाही. ट्रेलर ओढताना गॅसला ८ आणि डिझेलला ११ मैल प्रति गॅलन हे आकडे हिशेबापुरते धरू. डिझेलच्या गॅलनमध्ये ऊर्जाच अधिक असते, हेही या फरकाचे एक कारण आहे. गॅस ३ डॉलर आणि डिझेल ३.७० डॉलर असेल, तर मैलामागे ३७.५ सेंट विरुद्ध ३३.६ सेंट, म्हणजे जेमतेम ४ सेंटांची बचत होते. डिझेल इंजिनासाठी सुमारे १०,००० डॉलर जास्त मोजावे लागतात, आणि ते याच बचतीतून भरून काढायचे तर ट्रेलर लावून अडीच लाख मैल जावे लागेल. वर्षाला चार सहली करणाऱ्याच्या आयुष्यात हे होणार नाही. जुना डिझेल ट्रक विकताना किंमत चांगली येते हे खरे, आणि वर्षाला २०,००० मैल ओढणाऱ्या व्यावसायिकाचा हिशेब वेगळा आहे हेही खरे. पण ‘डिझेल स्वस्त पडते’ हे भारतातून मनात घेऊन आलेले वाक्य इथे खोडून टाकावे, कारण अमेरिकेत संघीय करही डिझेलवरच जास्त आहे, गॅलनमागे गॅसवर १८.४ आणि डिझेलवर २४.४ सेंट.

याच पानावर आणखी एक सावधगिरी नोंदवावी. रॅमच्या जड ट्रकांत १९८९ सालापासून कमिन्सचे डिझेल इंजिन मिळते, आणि पुण्याच्या माणसाला कमिन्स हे नाव कोथरूडमुळे घरचे वाटते. १९६२ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर-कमिन्समध्ये कोणाचे तरी काका नोकरीला होतेच. जिव्हाळा खरा असला, तरी दहा हजार डॉलरचा निर्णय त्यावर सोपवू नये.

देखभालीची तयारी डिझेलवाल्याने अधिक करायची असते. प्रत्येक वेळी १० ते १३ क्वार्ट तेल लागते, गॅसला सात-आठ पुरते. इंधनाचे फिल्टर वेळेवर बदलावे लागतात, कारण अतिउच्च दाबाच्या पंपात पाणी किंवा कचरा गेला, तर दुरुस्तीचा आकडा पाच अंकी होऊ शकतो. धूर स्वच्छ करण्यासाठी डीईएफ नावाचे ३२.५ टक्के युरियाचे द्रावण वेगळ्या टाकीत भरावे लागते आणि ते संपू दिले, तर ट्रक स्वतःचा वेग मर्यादित करतो. काजळीची गाळणी गरम होऊन स्वतःला जाळून साफ करते, त्यासाठी लांबचा प्रवास लागतो. म्हणून रोज दोन मैलांवर मुलांना शाळेत सोडण्यासाठीच जो ट्रक निघणार आहे, त्यात डिझेल घेणे म्हणजे आजार विकत घेणे आहे. मिनेसोटा किंवा डकोटासारख्या ठिकाणी हिवाळ्यात डिझेलमधील मेण गोठू लागते, तेव्हा हिवाळी मिश्रणाचे डिझेल आणि रात्री इंजिन गरम ठेवणारा ब्लॉक हीटर यांची सोय आधीच करावी.

इंधन भरण्याच्या जागेबाबत मात्र डिझेलवाला सुखी असतो. तीस फुटी ट्रेलर घेऊन साध्या पंपाच्या छपराखाली वळणे हा एक छळ आहे, तर डिझेलचा ट्रक महामार्गावरच्या ट्रक-थांब्यात मालट्रकांच्या रांगेतून सरळ आत जाऊन सरळ बाहेर पडतो. गॅसवाल्याने म्हणूनच टाकी निम्मी झाली की सोयीचा, मोकळा पंप शोधायला लागावे. पंपाच्या नळीच्या मुठीच्या रंगावर कोणीही विसंबू नये. हिरवी मूठ बहुतेक ठिकाणी डिझेलची असली, तरी सर्वत्र नसते, आणि गॅसची बारीक नळी डिझेलच्या टाकीत बिनबोभाट शिरू शकते.

कायद्याचे काम राज्यागणिक बदलते, म्हणून आपल्या राज्याच्या परिवहन विभागाची माहिती वाचावी. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला ५५ मैलांची वेगमर्यादा आहे. अनेक राज्यांत ३,००० पौंडांवरील ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. ट्रक आणि ट्रेलरची मिळून मर्यादा २६,००० पौंडांवर गेली, तर काही राज्यांत घरगुती वापरासाठीही वेगळ्या वर्गाचा परवाना लागतो. ट्रकमधून ट्रेलरचे ब्रेक चालवणारा ब्रेक कंट्रोलर कारखान्यातूनच बसवून घ्यावा.

ट्रक घरी आल्यावर पहिल्या मोठ्या प्रवासाआधी ट्रेलर पूर्ण भरून, टाक्या भरून आणि सगळ्या कुटुंबाला बसवून ट्रक-थांब्यावरच्या वजनकाट्यावर न्यावे. पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलरचे आस असे तीन आकडे वेगवेगळे मिळतात. मग ट्रेलर सोडून, माणसे आणि सामान तसेच ठेवून, ट्रक पुन्हा एकटाच तोलावा, म्हणजे दोन्ही वेळच्या ट्रकच्या वजनातील फरकावरून ट्रेलरमुळे ट्रकवर पडणारा भार निघतो. मागच्या आसाचा आकडा मर्यादेपुढे गेला असेल, तर हौद्यातला जनरेटर ट्रेलरच्या आसावर न्यावा आणि पुन्हा तोलावे. दोन्ही पावत्या ट्रकच्या कप्प्यात ठेवाव्यात, ट्रेलरच्या टायरांवर छापलेला निर्मितीचा आठवडा आणि वर्ष पाहून घ्यावे, आणि नवीन चाके बसवली असतील, तर पहिल्या ५० मैलांनंतर रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबून त्यांचे नट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने आवळावेत.